खंडाच्या दिवसांत सगळं हिरवं होतं

पंधराएक दिवसांपूर्वी एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना जाणवलं, वारं बदललंय. पश्चिमेकडून येणारं, ढगाचा पत्ता नसलेलं कोरडं वारं. खाली येऊन चहा घेऊन पुन्हा वर गेले, तर टॉवेल पापडासारखे कडक झालेले. शेजारच्या वहिनी कठड्याशी येऊन म्हणाल्या, "बरं झालं बाई ऊन पडलं. गोधड्या धुवून घेते." मी नुसतं "हं" म्हटलं.

श्रावण निम्मा सरला आहे. शहरात ह्या उन्हाचं सगळ्यांनाच कौतुक. गल्लीतला चिखल वाळतो, दौलताबादचा डोंगर हात लावावा इतका जवळ दिसतो, लोक पोराबाळांना घेऊन वेरूळला जातात. पण जालना रोडनं जरा बाहेर पडलं, की ह्याच उन्हाला दुसरं नाव आहे. खंड. पावसाचा खंड पडला, असं म्हणताना माणसं आवाज खाली आणतात. दुष्काळ निदान दुष्काळासारखा दिसतो तरी. खंडात सगळं हिरवंगार असतं, आणि मुळाखालची ओल एकेक दिवस खाली खाली जात असते. मला ह्या दिवसांची भीती वाटते, हे सरळ सांगून टाकते. माझ्या नावावर एक गुंठाही शेत नाही. माझी भीती वेगळ्या हिरव्याची आहे.

काही वर्षांपूर्वी मी चिकलठाण्याजवळच्या एका लहानशा कंपनीत होते. आमचं काम लोकांना समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक लहान संगणक चालवता येतात. खरे नव्हेत, आभासी, पण वापरणाऱ्याला फरक कळत नाही. दवाखाने, पतपेढ्या, शाळा असे संगणक भाड्यानं घेतात. आता भाड्याच्या खोलीत घरमालक केव्हाही डोकावू शकतो. ते होऊ नये म्हणून प्रोसेसरमध्येच एक कुलूप असतं. ते लावलं की आतला सगळा मजकूर सांकेतिक होऊन जातो. मोठा संगणक ज्यांच्या ताब्यात, त्यांनी डोकावलं तरी त्यांना निव्वळ गिचमीड दिसते. आमचं काम ह्या कुलपाची परीक्षा घ्यायचं. म्हणजे आम्ही छोटे छोटे प्रोग्राम चालवायचो. ते घरमालकाचं सोंग घेऊन आत डोकावायचे, आणि काही दिसलं नाही की पडद्यावर हिरवी खूण करायचे. दिसलं तर लाल. आमच्या आईला मी एकदा हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी काय दिसलं नाय की तुमाला पगार." तसंच होतं ते.

खोलीत आम्ही तिघं. मी, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असलेली नाझनीन, आणि रामकिसन. नाझनीन शहागंजातली, तिच्या एका वाक्यात मराठी, दखनी आणि शिव्या गुण्यागोविंदानं नांदायच्या. रामकिसन अजिंठ्याकडचा, धनगराच्या घरचा. घरी अजून मेंढरं होती. तो इंजिनिअर होऊन आमच्यात आला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सगळा वेळ खिडकीतून समोरच्या तुकड्याकडे बघत बसायचा. दोन गोदामांच्या मधे कुणाची तरी तेवढीच जमीन विकायची राहिली होती आणि त्यात कपाशी होती.

त्या वर्षीही असाच खंड पडला. पोळा जवळ आला तरी आभाळ पांढरंफटक. एक दिवस मी सकाळी सकाळी रामकिसनला म्हटलं, "कपाशी झक्क आहे की रे." तो म्हणाला, "सकाळी झक्कच दिसती, म्याडम. दवावर उभी ऱ्हाती. दुपारी बघा." दुपारी बघितलं. सगळ्या झाडांनी माना टाकल्या होत्या. मग रोज दुपारी जेवताना आम्ही ते बघायला लागलो, आणि ती एक वाईट सवय लागली.

आमच्याकडे मात्र सगळं हिरवं होतं. त्या आठवड्यांत चाचण्या कधी नव्हे इतक्या सुरळीत चालल्या. आधी चहाचा कप संपेपर्यंत त्या चालायच्या, आता कप तोंडाला लावावा तोवर संपायच्या. कुलूपबंद संगणक सुरू व्हायला जरा जास्तच वेळ घेतो, हे आम्हा तिघांनाही पाठ होतं. तरीही वेळ कमी झाला म्हणून आम्ही खूश झालो. साहेबांनी समोसे मागवले. नाझनीन म्हणाली, "देखो, नजर लगेगी." आम्ही हसलो.

ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते शहरातलं एक मानसोपचार केंद्र. त्यांच्या सगळ्या रुग्णांच्या फायली कागदावरून उचलून शेंद्र्याच्या एका ठिकाणी ठेवलेल्या मोठ्या संगणकाच्या पोटात जाणार होत्या. काही जुन्या फायली सरावासाठी म्हणून आधीच गेल्या होत्या. आमचं हिरवं बघूनच गेल्या होत्या. आणि त्या केंद्रात माझी धाकटी बहीण मनीषा त्याआधी वर्षभर जात होती, हे त्या खोलीत मी सोडून कुणालाही माहीत नव्हतं.

मनीषाचं सासर करमाडचं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, आमच्याकडे झालं. सई जन्मली. कोणत्याही बाळंतिणीला बांधतात तसा आईनं तिच्या डोक्याला रुमाल बांधला, कानात कापसाचे बोळे घातले. सव्वा महिना झाला, रुमाल सुटला. कापूस सुटेना. आई काढायची, मनीषा पुन्हा घालायची. बाळ रडलं की ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि बोटांनी बोळे आत आत दाबायची. एकदा मला म्हणाली, "ताई, हिला कुठंतरी लांब ठेव. माझ्या हातून काही व्हायच्या आत ठेव." तेव्हा मी तिला केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या. मनीषानं सांगितलेलं सगळं त्यांनी लिहून घेतलं, कापूससुद्धा. हळूहळू ती बरी झाली, सईला घेऊन सासरी गेली. सासरी सांगितलं, अशक्तपणा होता.

खोटं का सांगितलं, असं विचारणाऱ्याला मी त्या घरची थोरली सून दाखवीन. म्हणजे दाखवता येणार नाही, कारण ती तिथं नाही. तिच्या डोक्यात फरक पडला म्हणून तिला एका दुपारी जीपमध्ये घालून माहेरी पोचवलं आणि तिची लेक ठेवून घेतली. कुणी हात उगारला नाही, कुणी आवाज चढवला नाही. मनीषाच्या सासूबाई, मी त्यांना काकू म्हणते, आजही त्या मुलीची वेणी स्वतः घालतात, मायेनं घालतात. मनीषाला भीती होती ती एवढीच, की हे घर कुठलीही गोष्ट मायेनंच करतं.

आणि शेंद्र्याला जिथं तो मोठा संगणक होता, तिथं देखरेखीला मनीषाचा चुलतदीर होता, गणेश. सज्जन मुलगा. रस्त्यात दिसला तर गाडी थांबवून "काय म्हनता ताई" म्हणणारा. आमचं शहर नकाशावर कितीही वाढलं तरी असं आहे. कुठल्याही कुलपापाशी आपल्या नात्यातलं कुणीतरी उभं असतं.

चाचण्या मोठ्यानं वाचायची टूम रामकिसननं काढली. त्या चाचण्या आमच्यापैकी कुणी लिहिल्या नव्हत्या. लिहिणारा केव्हाच पुण्याला निघून गेला होता आणि मागं ठेवून गेला होता एक जंगल. कशाचंही नाव धड नाही. तपास-एक, तपास-दोन, तपास-दोन-नवा, तपास-शेवटचा, आणि त्यानंतर पुन्हा तपास-खराच-शेवटचा. आत शिरलं की एका ओळीवरून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. आम्ही कुणी आत शिरत नव्हतो. बाहेरून बटण दाबायचो आणि हिरवं आलं की मान डोलवायचो.

"आपुन हे पोथीवानी वाचू," रामकिसन म्हणाला.

श्रावणात त्याच्या गावात पोथी लागते. आमच्याकडेही लागायची. एकजण ओळ वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात आणि ऐकणाऱ्यांतून हुंकार येतो. "हं" आला की वाचणारा पुढं सरकतो. रामकिसनचे आजोबा मेंढरं बसवून पोथीला जाऊन बसायचे, नातू मांडीवर. "एक गंमत सांगतो म्याडम," तो म्हणाला. "अर्थ सांगनाऱ्याला सोताला एखादी ओळ कळत नाय. मग तो वर बघतो, आवाज लांबवतो, 'तर असं हाय' म्हनतो, अन्‌ चालला पुढं. अन्‌ त्याच वक्ताला खालून लई मोठा हुंकार येतो. जिथं हुंकार लई मोठा, तिथं कुनालाच काय कळल्यालं नसतं."

आम्ही हसलो. पण ते माझ्या डोक्यात रुतून बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाचे डबे आवरून, आम्ही पोथी लावली. रामकिसन वाचायला, नाझनीन अर्थाला, मी ऐकायला. बाहेर कपाशीनं माना टाकलेल्या. पंखा गरम हवा फिरवत होता. सुरुवातीला गंमत वाटत होती. मग एका जागी रामकिसन थांबला.

"जर कुलपाची सोय नसंल, तर परत ये," त्यानं वाचलं.

"म्हणजे," नाझनीन सांगायला लागली, "ज्या मशीनला लॉकच नाही, तिथं टेस्ट करून क्या फायदा? तो वापस आने का."

"हं," मी म्हटलं.

तो पुढं वाचायला लागला आणि नाझनीननंच त्याला हात करून थांबवलं. "ठैर. वापस आने का, हौ. लेकिन रिझल्ट क्या? लाल का हिरवा, ते कुठंय?"

रामकिसन पडद्यावर वरच्या ओळींकडे गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो सगळ्यांच्याच होता. "लाल म्हनायला कुनीतरी लाल म्हनावं लागतं," तो शेवटी म्हणाला. "इथं कुनीच काय म्हनत नाय. अन्‌ कुनी काय म्हनलं नाय, की हिरवा."

कुलूप आहे का बघायला गेलेला माणूस, दारच नाही असं बघून, मुकाट्यानं परत आला होता आणि आम्ही त्याला शाबासकी देत होतो. आपापल्या साध्या संगणकावर काम करताना त्रास नको म्हणून कुणीतरी ती ओळ घातली असणार. दुष्टपणा कुणाचाच नव्हता. मग शेंद्र्याला फोन केला, विचारलं, कुलपाची सोय चालू आहे ना? मधे वीज फार जात-येत होती, त्यात एक भाग जळाला होता, नवा बसवला होता. नव्या भागात ती सोय कारखान्यातून येतानाच बंद असते. हे त्यांना माहीत नव्हतं आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यापासून आमच्या चाचण्या इतक्या चपळ झाल्या होत्या.

म्हणजे खंडाचे ते सगळे दिवस फायली उघड्या पडल्या होत्या, आणि आम्ही समोसे खाल्ले होते.

पुढचं सगळं भराभर झालं. साहेब स्वतः केंद्रात जाऊन सांगून आले. फायली काढून घेतल्या, सोय चालू केली, कुलूप लागलं. डॉक्टरीणबाईंनी सरावासाठी गेलेल्या फायलींतल्या माणसांना एकेक करून बोलावून सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. आम्ही तिघांनी ते जंगल मुळापासून काढलं आणि चाचण्या नव्यानं लिहिल्या. ह्या वेळी प्रत्येकीला नावाच्या जागी अख्खं वाक्य दिलं, आईला वाचून दाखवलं तरी कळेल असं. "घरमालकानं डोकावलं तर त्याला काही दिसू नये." "खोटी ओळख सांगणाऱ्या संगणकाला किल्ली देऊ नये." आणि रामकिसननं हट्टानं सगळ्यात वर ठेवलेलं, "कुलूप नसेल तर ओरडावं, गप्प परत येऊ नये." मला ह्या कामाचा अभिमान आहे. प्रोग्राम यंत्र चालवतं हे खरं, पण तो वाचायचा असतो माणसानं, मागून येणाऱ्या, काही ठाऊक नसलेल्या माणसानं. वाचता येत नाही त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि विश्वास म्हणजे परीक्षा नव्हे. एवढं शिकायला मला इतकी किंमत का मोजावी लागली, ह्याचा राग अजून आहे.

त्या फायलींत मनीषाचीही होती. तिला मी केंद्राच्या आधीच सांगितलं. ती माहेरी आली होती, आमच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"कुणी बघितलं असंल का, ताई?"

"सांगता येत नाही."

"कळत नाही व्हय बघितलेलं?"

"नाही गं. बघितल्याची खूण राहत नाही."

ती जरा वेळ शेंगा सोलत राहिली. "मग आता काय तपासता तुम्ही एवढं?" ती म्हणाली, आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही. कुलूप आता लागलंय का, हे तपासणारी चाचणी मी लिहू शकते. नव्हतं तेव्हा कुणी आत येऊन गेलं का, हे सांगणारी चाचणी मला लिहिता येत नाही. तिथं काहीच नोंदलं जात नव्हतं. तशी चाचणी जगात कुणीच लिहू शकत नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे." त्यानंतर आम्ही हा विषय काढला नाही.

खंड मोडला, पाऊस आला, समोरची कपाशी बरीचशी वाचली. त्या तुकड्यावर आता गोदाम आहे. रामकिसन हैदराबादला गेला, नाझनीन लग्न करून इथंच आहे, मी दुसऱ्या ठिकाणी तेच काम करते. नव्या मुलांना आधी मोठ्यानं वाचायला लावते. ती मला खडूस म्हणतात. पडद्यावर एका रांगेत सगळं हिरवं आलं की ती खुर्चीतून उठून नाचतात. मी वेळ बघते. लवकर संपलं असेल तर पुन्हा चालवायला सांगते.

गेल्या रविवारी करमाडला गेले होते. मनीषाच्या सासरी श्रावणात पोथी असते, काकूंनी फोन करून बोलावलं होतं. मनीषाला पुन्हा दिवस गेलेत, सातवा लागलाय. शेंद्र्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिकं हिरवीगार, आणि वर तेच पांढरं आभाळ. दुपारची वेळ होती, त्यामुळे फसायला झालं नाही. सगळी रानं माना टाकून उभी होती.

ओसरीत सतरंज्या घातल्या होत्या. मनीषाचे चुलतसासरे वाचायला बसले होते, त्यांचा आवाज अजून खणखणीत. अर्थ सांगायला गणेश होता. पूर्वी गावातले एक म्हातारे सांगायचे. ते गेल्यापासून हा सांगतो. मला बघून हसला, मान लववली. मनीषा आत चुलीपाशी होती. काकूंनी मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. सई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

"माझ्यापाशीच निजती आताशा," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "मनीषाला झोप पायजे ना."

"हो ना," मी म्हटलं.

त्या सईच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. वाचन चाललं होतं. गणेश सावकाश, एकेक शब्द निवडून अर्थ सांगत होता. जरा वेळानं काकू पुन्हा माझ्याकडे झुकल्या.

"ह्या बारीला बाळंतपन इथंच करायचं, मी ठरवलंय. तुमच्या आईला आता व्हत नाय. अन्‌ तुमी काय काळजी करू नका. कानातल्या कापसाचं मला समदं ठावं हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. चार बाळंतपणं काढलेली बाई. कापूस कुठल्या बाळंतिणीच्या कानात नसतो? त्यांच्या जागी कुणीही बाई हेच बोलली असती. आणि फाईल वाचलेलं कुणी जर ओसरीवर बसून घरच्यांना सांगून मोकळं झालं असेल, तर त्यानंतरही काकू हेच, अशाच मायेनं बोलल्या असत्या. त्यांचा चेहरा शांत होता. हात सईच्या केसांत होता. आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला होता.

वाचणाऱ्यांची ओळ संपली. गणेशनं वर बघितलं, आवाज लांबवला, "तर असं हाय," म्हणाला, आणि हुंकारासाठी सगळ्यांवरून नजर फिरवत माझ्यापाशी येऊन थांबला.

"हं," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच.